कंपाउंडिंग फार्मसी आणि ॲक्रिडिटेशन: या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४३ अंश, दुपारी दोनदा वीज गेलेली, आणि फार्मसीच्या तापमान वहीत मात्र महिनाभर सकाळ-संध्याकाळ २४, २४, २४. सगळे आकडे एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. अशी वही हातात आली की असेसर, म्हणजे मान्यतेसाठी तपासणीला आलेला माणूस, पुढचं पान उलटत नाही. तो विचारतो, "जनरेटरवर एसी चालतो का हो?"

कंपाउंडिंग फार्मसी म्हणजे रुग्णाच्या गरजेप्रमाणे औषध स्वतः बनवून देणारी फार्मसी, आणि ॲक्रिडिटेशन म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेली दर्जाची मान्यता. औषध चांगलं बनवणाऱ्या फार्मसीसुद्धा इथेच अडकतात. आकडा बिघडला म्हणून कोणी नापास करत नाही. वीज गेली, खोली २९ अंशांवर गेली, तर २९च लिहा. त्याखाली लिहा की साठा कुठे हलवला, किती वेळाने तापमान खाली आलं आणि ते औषध वापरायचं की नाही हे कोणी ठरवलं. कॅलिब्रेशन केलेला, म्हणजे अचूकता तपासून घेतलेला, डेटा लॉगर बसवला तर रात्रीचं आणि रविवारचं तापमानही आपोआप नोंदलं जातं. बिघाडाची प्रामाणिक नोंद असलेली वही गुळगुळीत वहीपेक्षा कितीतरी वजनदार असते.

दुसरा गैरसमज परवान्याचा. अन्न व औषध प्रशासनाचा परवाना भिंतीवर लावला म्हणजे दर्जाही सिद्ध झाला, असं अनेकांना वाटतं. परवाना ही कायद्याची किमान अट आहे. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली बनलं पाहिजे. तो फार्मासिस्टच हजर नसेल तर पुढची चर्चाच नको. ॲक्रिडिटेशन मात्र आपण होऊन मागायची गोष्ट आहे. अमेरिकेत कंपाउंडिंगसाठी पीसीएबी नावाचं वेगळं मानांकन आहे. एसीएचसी ही संस्था ते तीन वर्षांसाठी देते आणि यूएसपी या अमेरिकी औषधसंहितेच्या ७९५ (निर्जंतुक नसलेली औषधं), ७९७ (निर्जंतुक औषधं) व ८०० (हाताळायला धोकादायक औषधं) या प्रकरणांवर फार्मसी तपासते. आपल्याकडे हॉस्पिटलच्या फार्मसीची परीक्षा एनएबीएच या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेच्या औषध व्यवस्थापनाच्या निकषांवर होते.

त्यामुळे अमेरिकी एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत) उतरवून त्यावर आपल्या हॉस्पिटलचं नाव टाकणं हा धोक्याचा शॉर्टकट आहे. साठवणीचं तापमान "६८ ते ७७" असं छापलेलं असतं, ते फॅरनहाइट आहे हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. मग असेसर थेट काउंटरवरच्या पोराला विचारतो, "तुमच्याकडे तापमान किती लागतं?" एसओपी दोन पानांची असली तरी चालेल, पण काम करणाऱ्याला ती तोंडपाठ हवी.

लेबलवरची तारीख ही सर्रास होणारी चूक. पावडरच्या मूळ डब्यावरची एक्स्पायरी तशीच बाटलीवर चिकटवतात. डबा उघडला, पावडर पाण्यात मिसळली, की ती तारीख संपली. स्थिरतेचा वेगळा पुरावा हाती नसेल तर ७९५ प्रमाणे, प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारा घटक) नसलेलं पाण्यातलं औषध फ्रिजमध्ये जास्तीत जास्त १४ दिवस, प्रिझर्व्हेटिव्ह असलेलं ३५ दिवस. कच्च्या मालाची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच धरायची.

आता पुड्या. तान्ह्या बाळासाठी मोठ्यांची गोळी कुटून पुड्या बांधणं हे काम आपल्याकडे अजून रोज होतं, आणि चूक वजनकाट्यावर होते. समजा १० मिलिग्रॅम औषधाची गोळी ९० मिलिग्रॅम भरते आणि बाळाला ५ मिलिग्रॅम हवेत, म्हणजे ४५ मिलिग्रॅम भुकटी. काटा १० मिलिग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा असेल तर तो ४० तरी म्हणेल नाहीतर ५०. एवढ्यातच दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला. मिलिग्रॅम दाखवणारा काटा घ्या, वीस गोळ्या तोलून सरासरी काढा, खलात लॅक्टोज थोडं थोडं घालत मिसळा आणि पुडी दोनशे मिलिग्रॅमची करा. तोलताना डोक्यावरचा पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याखाली काटा स्थिर राहत नाही.

निर्जंतुक औषधांचा विभाग असेल तर नियम आणखी कडक. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग फार्मसीतून निघालेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी होती. साडेसातशेहून अधिक रुग्णांना संसर्ग झाला, साठहून अधिक दगावले. आपल्याकडे लॅमिनार फ्लो (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायचं कपाट) लाखांचा आणि हात पुसायला टेरी टॉवेल, असं चित्र दिसतं. सोलापूरच्या टॉवेलचा मलाही अभिमान आहे, पण सुती तंतू सोडणारं कापड क्लीनरूमच्या दाराबाहेरच राहिलं पाहिजे. आत फक्त लिंट न सोडणारे, एकदाच वापरायचे वाइप. ग्लोव्ह्ज घातलेल्या बोटांचे ठसे जंतू वाढवायच्या 'अगर' प्लेटवर घेण्याची चाचणीही टाळतात. ७९७ प्रमाणे नव्या माणसाने कामाला हात घालण्याआधी ती तीन वेगवेगळ्या वेळी द्यायची, आणि तिन्ही वेळा प्लेटवर जंतूंची एकही वसाहत उगवता कामा नये.

पाण्याबद्दल थोडक्यात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात टाकी साठवावीच लागते, पण त्या टाकीचं किंवा जारचं आरओ पाणी म्हणजे फार्माकोपियातलं (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथातलं) प्युरिफाइड वॉटर नव्हे. विकत घ्या किंवा स्वतः बनवा; दोन्हीकडे जंतुमोजणीचा रिपोर्ट मागितला जातोच.

आणि तपासणीनंतरची चूक. लेबलवर तारीख नाही, अशी एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे निकष न पाळल्याची नोंद) आली. उत्तरात लिहिलं जातं: "संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली." काट्याचं कॅलिब्रेशन नाही? समज दिली. वाइप संपले? समज दिली. असं उत्तर परत येतं, कारण उद्या तो कर्मचारी रजेवर गेला की तीच चूक दुसरा करणार. त्याऐवजी लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा रकाना सक्तीचा करा, तो भरल्याशिवाय लेबल छापूच नये. बदलाआधीची आणि नंतरची लेबलं उत्तरासोबत जोडा, म्हणजे ती एनसी क्लोज होईल.