कानशीला खडू लावा, जॉबवर ओरखडे पडणार नाहीत

आयटीआयमधून नुकतेच अप्रेंटिस म्हणून लागलेल्या फिटर मुलांची एक नेहमीची अडचण: जॉब (कानशीने घासायचा धातूचा तुकडा) मापात येतो, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला तर फटीतून उजेडही दिसत नाही, पण शेवटच्या हातात एक खोल ओरखडा उमटतो. तो काढायला आणखी घासावं तर माप जातं आणि जॉब बाद.

कारण कानशीच्या दातांत अडकलेला बारीक कीस. माइल्ड स्टील आणि ॲल्युमिनियमला हे फार होतं.

१. तारेच्या ब्रशने दातांच्या तिरक्या रेषेतच कानस झाडा, आडवी नको.

२. घट्ट बसलेला कण ब्रशने निघत नाही. पितळेच्या पट्टीचं टोक दातांच्या खाचेत ठेवून पुढे ढकला. दोन-तीन वेळा ढकलल्यावर पट्टीला दातांच्या खाचा पडतात, मग ती नेमकी आत बसते आणि कण उचलून बाहेर काढते.

३. फळ्यावरचा साधा पांढरा खडू कोरड्या कानशीवर, दात भरेपर्यंत घासा.

४. वीसेक हात मारले की झाडा, पुन्हा खडू लावा. दाब फक्त पुढे जाताना.

खडू फक्त फिनिशिंगला, स्मूथ (बारीक दातांच्या) कानशीवर. जाड माल काढताना लावलात तर कानस नुसती घसरते, वेळ जातो.

आणि कीस तोंडाने फुंकू नका, डोळ्यात जातो. तळहातानेही पुसू नका: हाताला कीस टोचतो, शिवाय हाताचं तेल जॉबला लागलं की कानस पकडत नाही.