हरणाचे मांस, कुकरच्या शिट्ट्या आणि प्रिऑन : या चुका टाळा

गेल्या दिवाळीत विलेपार्ल्याला आमच्या शेजारच्या काकूंकडे त्यांचा पुतण्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनहून आला आणि त्याने बॅगेतून एक काचेची बरणी काढून ओट्यावर ठेवली. मित्राने शिकार करून, घरीच शिजवून हवाबंद केलेले हरणाचे मांस तिच्यात होते. ‘झॉम्बी हरणां’चा, म्हणजे प्रिऑनमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराने खंगलेल्या हरणांचा, व्हिडिओ काकूंनी व्हॉट्सॲपवर पाहिलेला होता आणि मी पशुवैद्यक असल्याचे त्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी मला बोलावून विचारले, “पुन्हा कुकरला लावून सात-आठ शिट्ट्या काढल्या तर चालेल ना गं?”

पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच, की आपण प्रिऑनला जंतू समजतो. प्रिऑन हे वाकड्या घडीचे प्रथिन आहे. ते जिवाणू नाही, विषाणूही नाही आणि त्यात जनुकीय द्रव्य नसते. मेंदूतल्या नेहमीच्या प्रथिनाशी त्याची गाठ पडली, की तेही तसेच वाकडे होते, आणि अशी साखळी वाढत जाऊन मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात. जे मुळात जिवंतच नाही, ते उकळून मारणार कसे? घरातला कुकर जेमतेम १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, तर प्रिऑनचा संशय असलेल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी १३४ अंशांवर १८ मिनिटे वाफ किंवा तीव्र कॉस्टिक सोड्याचे द्रावण वापरावे लागते. मेंढ्यांमधल्या अशाच आजाराच्या प्रयोगांत तर ६०० अंशांवर जाळलेल्या राखेतही थोडी संसर्गक्षमता उरलेली आढळली होती. तेव्हा शिट्ट्या आठ काढा की अठरा. फ्रीजरमध्ये ठेवणे, धूर देणे, मीठ लावून वाळवणे, स्पिरिटने पुसणे यांचाही उपयोग नाही. फॉर्मलिनने तर प्रिऑन नष्ट होण्याऐवजी अधिकच चिवट होतो.

“पण मित्र म्हणाला, हरीण चांगले धडधाकट होते,” असे पुतण्याने सांगितले, आणि ही दुसरी चूक. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या नावाने ओळखला जाणारा हा हरणांचा आजार १९६७ साली कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांमध्ये प्रथम लक्षात आला. संसर्गानंतर साधारण दीड ते दोन वर्षे हरीण अगदी निरोगी दिसते. खंगणे, लाळ गळणे, मान खाली घालून भटकणे ही लक्षणे शेवटच्या काही महिन्यांतली आहेत. त्याआधीच लाळ, मूत्र आणि विष्ठेतून प्रिऑन बाहेर पडत असतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणजे व्हिडिओत दिसणारे हरीण निदान ओळखू तरी येते. ताटात येण्याची शक्यता अधिक असते ती न ओळखता येणाऱ्या हरणाची.

मग बरणीतले मांस मुंबईतल्या एखाद्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे का? तसे करता येत नाही. ही चाचणी मेंदूच्या तळाच्या भागावर किंवा घशामागच्या लसिका ग्रंथींवर करतात आणि ते नमुने शिकारीनंतर लगेच, त्याच हरणाचे घ्यावे लागतात. विस्कॉन्सिनमध्ये हा आजार २००२ पासून माहीत आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी दोनच प्रश्न विचारावेत : या हरणाची तपासणी झाली होती का, आणि खाटकाकडे हे मांस इतर हरणांच्या मांसात मिसळले होते का. चाचणीत ‘आढळला नाही’ असे आले म्हणजे संसर्ग नाहीच, असे मात्र नव्हे. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला संसर्ग निसटू शकतो. शिवाय अशी मांसोत्पादने भारतात आणायला पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना लागतो, हे बॅग भरताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

“माणसाला आजवर झालेला नाही ना, मग कशाला घाबरायचे?” या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. हरणांपासून माणसाला हा आजार झाल्याचे एकही उदाहरण सिद्ध झालेले नाही, आणि अमेरिकेत मॅकाक माकडांना संसर्गित द्रव्य देऊन १३ वर्षांपर्यंत पाहिले, तेव्हाही आजार आढळला नाही. तरी दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांना प्रयोगात तो झाला. शिवाय ब्रिटनचा अनुभव विसरता येत नाही. तिथे गायींचा ‘मॅड काऊ’ आजार १९८६ मध्ये ओळखला गेला, गोमांस सुरक्षित असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले गेले आणि १९९६ मध्ये माणसांतल्या नव्या प्रकारच्या आजाराशी त्याचा संबंध जाहीर करावा लागला. त्या आजाराने ब्रिटनमध्ये १७८ जण गेले. म्हणूनच संसर्ग सिद्ध झालेल्या हरणाचे मांस खाऊ नये, हा सल्ला मला अतिरेकी वाटत नाही.

याच्या उलट टोकाची चूक बोरिवलीत पाहायला मिळते. राष्ट्रीय उद्यानात एखाद्या चितळाच्या शिंगांवरून रक्ताळलेल्या चिंध्या लोंबताना दिसल्या, की मोबाइल पुढे येतात आणि ‘मुंबईत झॉम्बी हरीण’ असा संदेश फिरू लागतो. शिंगे पूर्ण वाढली, की त्यांच्यावरची मखमली कातडी अशीच सोलून निघते आणि नर ती झाडावर घासून काढतो. हा आजार आजवर उत्तर अमेरिका, दक्षिण कोरिया, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड इथेच नोंदला गेला आहे. खंगलेले चितळ दिसले तर पोटातल्या प्लास्टिकपासून क्षयापर्यंत कितीतरी कारणे आधी तपासावी लागतात. वनखात्याला कळवावे, जवळ जाऊ नये आणि वेफर्स तर मुळीच घालू नयेत.

आणखी एक चूक रुग्णाच्या घरच्यांना फार लागते. माणसांत क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा प्रिऑनचा आजार वर्षाला दहा लाखांमागे एक-दोघांना होतो, आणि त्यांतले बहुसंख्य रुग्ण काहीही बाहेरचे न खाता, आपोआप आजारी पडलेले असतात. काही आठवड्यांत स्मृती आणि तोल गेलेल्या माणसाला “काय खाल्ले होते?” असे विचारत राहणे किंवा त्याचे ताट-पेला वेगळा काढणे याला आधार नाही, शेजारी बसण्याने वा हात धरण्याने हा आजार पसरत नाही.

पुतण्याने त्याच रात्री मित्राला फोन लावला; हरणाची तपासणी झालेली नव्हती. काकू बरणी रिकामी करून मांस ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवले, कारण आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे खत होते आणि ते खालच्या कढीपत्त्याला घातले जाते. आवारातल्या मांजरींनाही ते द्यायचे नव्हते. झाकण न उघडता बरणी दुहेरी पिशवीत घट्ट बांधली, वर चिठ्ठी चिकटवली आणि सकाळी पालिकेच्या कचरागाडीवरच्या माणसाच्या हातात सांगून दिली.