400 युरोंचा महिना : जर्मनीत स्वयंसेवक म्हणून राहताना

बीएफडी या स्वयंसेवा योजनेसाठी जर्मनीला निघालो तेव्हा घरून एकच प्रश्न होता, 'एवढ्यात भागेल का रे तुझं?' भागतं. फक्त खर्चाचं गणित आपल्या इकडच्यापेक्षा उलटं असतं आणि ते मला निम्मं वर्ष गेल्यावर उमगलं. तुम्हाला ते आधीच कळावं म्हणून हे लिहितोय.

बीएफडी ही जर्मन सरकारची योजना, 2011 पासून सुरू असलेली. मी हाले शहरातल्या एका वृद्धाश्रमात 2023-24 मध्ये वर्षभर होतो. पगार नसतो, 'टाशेनगेल्ड' म्हणजे हातखर्च मिळतो. त्याला कायद्याने वरची मर्यादा आहे, खालची नाही, त्यामुळे संस्थेगणिक आकडा बदलतो. मला 400 युरो, राहायला खोली आणि कामाच्या दिवशी दुपारचं जेवण मिळायचं. आरोग्य विमा संस्थाच भरते. करारावर सही करण्याआधी खोली कोण देणार आणि सुट्टीच्या दिवशीच्या जेवणाचं काय, हे लेखी विचारून घ्या. नुसता मोठा आकडा बघून भुलू नका. खोली स्वतः शोधावी लागली तर तो भाड्यातच संपतो.

सगळ्यात अवघड जातो तो पहिला महिना. व्हिसाचे 75 युरो आणि विमानाचं तिकीट आधीच गेलेलं असतं, आणि हातखर्च माझ्याकडे महिनाअखेरीस यायचा. पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', झाल्याशिवाय माझं बँक खातंही उघडलं नाही. तेवढ्या काळासाठी निदान 400-500 युरो जवळ ठेवाच. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, ते बाजूला टाकून देऊ नका. शुल्क महिन्याला 18.36 युरो, पण माणशी नाही, घरटी. आमच्या घरात आम्ही तिघं होतो. एकाच्या नावाने भरायचो आणि वाटून घ्यायचो.

प्रवासाला 'डॉइचलांडटिकेट' घ्या. देशभरातल्या शहरी बस, ट्राम आणि साध्या रेल्वे त्यात येतात, जलद गाड्या नाहीत. मी होतो तेव्हा ते 49 युरोंना होतं; 2025 च्या जानेवारीत 58 झालं आणि 2026 पासून 63. विनातिकीट सापडलात तर दंड 60 युरो.

आता ते उलटं गणित. आपल्याकडे वस्तू महाग वाटते आणि माणसाचं काम स्वस्त. तिथे दूध, बटाटे, गाजरं, पीठ, तांदूळ खिशाला परवडतात, पण जिथे दुसऱ्याचे हात लागतात तिथे पैसे उडतात. केस कापायला 18-20 युरो. सायकलचं पंक्चर दुकानात काढलं तर जवळपास तेवढेच. एकदा बाहेर जेवलो तर त्यात तीन दिवसांचा बाजार झाला असता. घरी शिजवायला लागल्यावर माझं खाणं महिन्याला 140 युरोंच्या आत बसलं. मसूर, छोले आणि कोथिंबिरीची घसघशीत जुडी तुर्की दुकानात मिळते. तूरडाळीपुरताच भारतीय दुकानात जायचो. पोळ्यांना 'टाइप 1050' लिहिलेलं गव्हाचं पीठ घ्या, 405 चा मैदाच होतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी बाजार करून ठेवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते, ती मशिनमध्ये परत केली की मिळते; खरं तर नळाचंच पाणी प्या, चांगलं असतं.

थंडीचं जाकीट मी जुन्या वस्तूंच्या 'सोत्सियालकाउफहाउस'मधून 12 युरोंना घेतलं. नोव्हेंबरात त्याची चेन लागेना. शिंप्याने नवी चेन बसवायचे 25 युरो सांगितले. दुपारी मी एका आजोबांना चहा द्यायला गेलो, तर त्यांनी जाकीट उघडं बघून कारण विचारलं. मग मला पकड आणायला पाठवलं, चेनचा रनर दोन्ही बाजूंनी अगदी हलका दाबला आणि वर-खाली करून दाखवला. हात थरथरत होते, पण पकड योग्य जागीच बसली. त्या चेनवर माझा अख्खा हिवाळा निघाला. त्यानंतर मी पंक्चर काढायलाही शिकलो, सायकलींच्या एका स्वयंसेवी कार्यशाळेत. तिथे हत्यारं मिळतात, काम आपण करायचं आणि डब्यात जमेल तेवढे पैसे टाकायचे. केसांसाठी आम्ही तिघांनी मिळून ट्रिमर घेतला.

बॅगेत सुई-दोरा, मसाले आणि छोटा कुकर न्या, पण त्याचा तळ इंडक्शनवर चालणारा आहे ना ते बघून. आई तुपाचा डबा भरू लागली तर थांबवा. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, ते विमानतळावर काढून घेतात. तिथल्या 250 ग्रॅमच्या लोण्याच्या पाकिटाचं तूप छान कढतं, फक्त बिनमिठाचं पाकीट बघून घ्या.