नियतकालिकांची छाटणी: बैठकीआधी काय काय तयार हवं

कॉलेजच्या ग्रंथालयातली कुठली नियतकालिकं ठेवायची आणि कुठली काढायची हे समितीच्या बैठकीत ठरतं. तिच्या तयारीसाठी सगळ्यात आधी मोजपट्टी आणा. छाटणीचा विषय निघाला की "जागा नाही" हे सगळेच म्हणतात, पण किती नाही ते कुणी मोजलेलं नसतं. तीन फुटांच्या सहा फळ्या म्हणजे एका रॅकला अठरा फूट. त्यातले बांधीव खंडांनी किती अडवलेत आणि दर वर्षी नवे किती फूट लागतात, हे दोन आकडे कागदावर हवेत. बडोद्यात तळमजल्यावर ग्रंथालय असेल तर सगळ्यात खालची फळी हिशेबातच धरू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आलं त्यांना कारण सांगायला नको. गुळगुळीत आर्ट पेपरचा अंक भिजून वाळला की त्याची वीट होते, पानं सोडवायला गेलं तर छपाईच निघून येते.

मग दाखल नोंदवही आणि कार्डेक्स (आलेल्या अंकांची नोंद ठेवायची कार्डं) शेजारी शेजारी ठेवून बसा. बांधीव खंडाला दाखल क्रमांक असतो, तो कॉलेजची मालमत्ता असतो. तो काढायचा तर समितीचा ठराव, प्राचार्यांची सही आणि निर्लेखनाची (मालमत्तेतून वजा केल्याची) नोंद, तिन्ही लागतात. दैनिकं आणि सुटे अंक सहसा दाखल केलेले नसतात, त्यांचं काम सोपं. हे दोन ढीग एकत्र झाले की हिशेबतपासणीच्या वेळी घाम फुटतो. सोपं ते आधी उरका: दैनिकं तीन महिने ठेवा, नोकरीच्या जाहिरातींची पत्रं आणि स्पर्धा परीक्षांची मासिकं एक वर्ष. ही मासिकं तशीही जुलैपर्यंत फाटून अर्धी होतात.

आता यादी. नाव, कुठल्या सालापासून कुठपर्यंत, मधले कुठले अंक नाहीत, मधेच नाव बदललंय का, आणि शेवटचा रकाना: हे आणखी कुठे मिळतं? नाव बदलण्याचा रकाना फालतू वाटतो, पण 'इकॉनॉमिक वीकली' १९४९ साली निघालं आणि १९६६ पासून ते 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' झालं हे माहीत नसेल तर तुमच्या यादीत दोन अर्धवट संच दिसतात. मग समितीतलं कुणीतरी म्हणतं, अर्धवट आहेत ना, काढा. खंडाच्या पाठीवरच्या सोनेरी अक्षरांवरही विसंबू नका. बाइंडर हाती आलं ते बांधतो आणि वर 'जानेवारी–डिसेंबर' ठोकतो. प्रत्येक खंड उघडून अंक मोजा, ब्लेडने कापलेली पानं बघा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

माझा सगळा भर त्या शेवटच्या रकान्यावर आहे. आपला हात नेमका उलटा चालतो. जाडजूड, रेक्झिनमध्ये बांधलेला परदेशी जर्नलचा खंड टाकवत नाही, आणि स्टेपल मारलेला सोळा पानांचा अंक सहज टाकला जातो. खरं तर तो जाड खंड जगातल्या शेकडो ग्रंथालयांत असतो आणि बहुधा ऑनलाइनही. 'करंट सायन्स' आणि 'रेझोनन्स' ही विज्ञानाची नियतकालिकं तर कुणालाही फुकट वाचता येतात. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची ई-जर्नल्सची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, त्यात सुमारे १३,००० ई-जर्नल्स आहेत. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, तेव्हा आपलं कॉलेज तिच्यात बसतं का हे बैठकीआधी लेखी मिळवा. कुणाच्या बोलण्यावर जाऊ नका. वर्गणी थांबल्यावर जुने अंक दिसत राहणार का, हेही विचारा. 'जेस्टोर'सारख्या ऑनलाइन संग्रहात बऱ्याच जर्नलांचे शेवटच्या तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात, तेवढी वर्षं छापील ठेवावीच लागतात. आणि कुणी "केअर यादीत आहे का?" विचारलं तर शांतपणे सांगा की मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. तसंही, एखादं जर्नल आज कुठल्या यादीत आहे यावरून त्याचा १९७० चा खंड ठेवायचा की नाही हे ठरत नाही.

आता पातळ अंक. आमच्या गावाने यात मोठी मालमत्ता करून ठेवली आहे. सयाजीरावांनी १९१० साली ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना अमेरिकेतून आणलं, आणि १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक इथून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागलं. भगवंतराव पाळेकरांचं 'जागृति' हे पत्र १९१७ पासून इथलंच. चित्रकार गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांचं 'वृश्चिक' हे नियतकालिक १९६९ ते १९७३ एवढंच चाललं. यातलं काही तुमच्या कपाटात निघालं तर चर्चाच नको, ते राहतं. संच तुटका असला, एकच अंक असला, तरी. आपल्या कॉलेजचं वार्षिक, स्थानिक मंडळांची पत्रकं, शहरातल्या मराठी संस्थांचे दिवाळी अंक, सगळं याच रांगेत.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. आधीच्या नोकरीत सुट्या अंकांचं एक खोकं समोर आलं. शिपाईकाकांनी विचारलं, "बेन, या चोपड्या पस्तीत?" पस्ती म्हणजे रद्दी. मी फोनवर होते, मान हलवली. दोन महिन्यांनी एक विद्यार्थिनी इथल्या मराठी नाटकमंडळ्यांवर काम करायला आली. तिला हवं होतं ते त्या खोक्यात होतं. आम्ही मात्र तेव्हा एका रसायनशास्त्राच्या जर्नलचे चौतीस खंड सुतळीने बांधून व्यवस्थित जपले होते.

वापराची नोंद मे महिन्यात करून उपयोग नाही, ती निदान एका सत्राची हवी. वाचलेले खंड टेबलावरच ठेवायला सांगा. परत लावताना मागच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक टिंब करा, झालं. टिंब नाही म्हणून जाड खंड काढता येईल, पण पातळ स्थानिक अंकांना हा नियम लावू नका. त्यांना वाचक वीस वर्षांतून एकदा येतो आणि तो मुंबईहून गाडी पकडून आलेला असतो.

प्राध्यापकांना "काय ठेवायचं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: सगळं. त्याऐवजी विभागाची यादी द्या, फूट सांगा आणि म्हणा, "सर, एवढ्या जागेत बसतील तेवढ्यांवर खूण करा." आठवड्याची मुदत घाला. आमच्याकडे ज्या सरांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्यांची यादी कोरी परत आली.

बाद ठरलेल्यांची यादी पस्तीवाल्याच्या आधी इतर ग्रंथालयांना पाठवा: विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, शहरातली मराठी वाचनालयं. त्यांचा एखादा संच आपल्या दोन खंडांनी पूर्ण होऊ शकतो. जे उरेल त्याच्या प्रत्येक खंडावर 'रद्द' शिक्का मारा आणि कॉलेजच्या शिक्क्यावर काट मारा. नाहीतर कुणीतरी सद्गृहस्थ तोच खंड रस्त्यावरून विकत घेऊन वर्षभरात तुम्हाला भेट द्यायला येतात, आणि चहाही पाजावा लागतो.

पस्तीवाल्याला बोलवाल त्या दिवशी पुठ्ठे आधी सोलून ठेवा, त्याचा भाव तो वेगळा लावतो. आणि एक खोकं बाजूला ठेवा, ज्यांच्याबद्दल एकमत झालं नाही त्यांच्यासाठी. त्यावर ठळक तारीख घाला, पुढच्या मे महिन्याची.