जुन्या मारुती 800 च्या हेडलाइटला रिले कसे लावायचे

जुन्या 800 चे किंवा झेनचे हेडलाइट पिवळट पडायला लागले की बरेच जण सरळ 100/90 वॅटचे बल्ब टाकून मोकळे होतात. तसं करू नका. मूळ वायरिंग 60/55 वॅटच्या एच4 बल्बच्या (अप्पर-डिप्पर एकाच बल्बमध्ये, मागे तीन पिना) हिशोबाने केलेली असते, जास्त वॅटने स्विच तापतो, होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. एलईडीचंही तेच, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये उजेड फेकला जातो भलतीकडेच.

खरी अडचण बहुतेक वेळा व्होल्टेजची असते. बल्बचा करंट बॅटरीपासून निघून फ्यूज, स्टिअरिंगजवळचा अप्पर-डिप्पर स्विच असं सगळं फिरून परत पुढे येतो, आणि वीस-पंचवीस वर्षांत त्या स्विचचे पॉइंट काळे पडलेले असतात, वायरी गंजलेल्या असतात. बल्बपाशी व्होल्टेज 10% कमी झालं की उजेड जवळपास 30% कमी होतो. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तो लावला की जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, खरा करंट बॅटरीतून थेट बल्बला जातो.

पण आधी मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, डिप्पर चालू, बॅटरीवर रीडिंग घ्या, समजा 13.8 आलं. मग होल्डर बल्बला लागलेला असतानाच त्याच्या मागच्या बाजूने मीटरच्या पिना आत सरकवून बल्बवर रीडिंग घ्या. होल्डर काढून मोजलं तर पूर्ण व्होल्टेज दिसेल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल, लोड असतानाच ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, कळतो. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर रिलेचा खर्च करू नका, बल्ब बदला, रिफ्लेक्टर बघा. दीड-दोन व्होल्ट जात असतील तर कामाला लागा.

सामान असं: 12 व्होल्ट 30 अँपिअरचे चार पिनी रिले दोन, सॉकेटसकट, सिरॅमिक एच4 होल्डर दोन, 15 अँपिअरचे फ्यूज आणि होल्डर दोन-दोन, 2.5 स्क्वेअर एमएम वायर, ट्रिगरला (रिलेला इशारा देणाऱ्या वायरीला) 1 स्क्वेअर एमएम चालते, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची टोपी), स्लीव्ह, केबल टाय. एकच मोठा फ्यूज टाकू नका, तो उडाला तर रात्री दोन्ही बीम एकदम जातात.

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच सुरुवात करा. रिले बॅटरीच्या जवळ, पिना खाली येतील असे बसवा म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून दोन वायरी घ्या, वीतभर अंतराच्या आत प्रत्येकीला फ्यूज, आणि तिथून रिलेच्या 30 नंबरला, एक डिप्परची, एक अप्परची. 87 वरून दोन्ही बाजूंच्या बल्बला, डिप्परची डिप्परला, अप्परची अप्परला. बल्बच्या तिसऱ्या पिनेला नवीन जाड अर्थ द्या, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत घासून मगच बोल्ट आवळा. अर्थकडे कोणी बघत नाही आणि अर्धा ड्रॉप तिथेच असतो.

आता ट्रिगर. बॅटरीकडच्या बाजूच्या हेडलाइटचा जुना प्लग वापरायचा, त्याच्या डिप्परच्या वायरीवरून डिप्पर रिलेच्या 86 ला, अप्परवरून अप्पर रिलेच्या 86 ला, आणि दोन्ही 85 अर्थला. मात्र काही जपानी पद्धतीच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, म्हणजे मधली कॉमन पिन पॉझिटिव्ह निघते. जुन्या प्लगवर मीटर लावून बघाच, रंगावर जाऊ नका. तसं निघालं तर कॉमन दोन्ही 86 ला आणि स्विचच्या दोन वायरी त्या त्या रिलेच्या 85 ला, बाकी काही बदलत नाही. दुसऱ्या बाजूचा जुना प्लग टेप मारून बांधून ठेवा. आणि ट्रिगरच्या बाजूचा जुना फ्यूज गेला तर दोन्ही लाइट जातात, त्याची जागा माहीत असू द्या.

थिंबल पकडीने नुसतं चेपू नका, क्रिंपिंगच्या पकडीने दाबा आणि वायर जोरात ओढून बघा, निघाली तर परत करा. वायरी रेडिएटर फॅन आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. बल्बच्या काचेला बोट लावू नका.

निगेटिव्ह जोडा, अप्पर-डिप्पर करून बघा, रिलेचा टिक आवाज आला पाहिजे, मग बल्बवर परत रीडिंग घ्या, बॅटरीच्या रीडिंगपेक्षा फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट कमी यायला हवं. उजेड वाढलाय म्हणजे भिंतीसमोर गाडी लावून फोकस सेट करणं आलंच, डिप्पर वर मारत असेल तर समोरचा शिव्या घालेल. शेवटी इंजिन चालू ठेवून लाइट पंधरा मिनिटं लावा, मग बंद करून फ्यूज होल्डर आणि थिंबल एकेक करून हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड ढिला आहे, कापून नव्याने क्रिंप करा.