पद्मिनी आणि वॅगनआर: एकीच्या सवयी दुसरीला लावू नका

आमच्याकडे 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि रोजच्या धावपळीला वॅगनआर. पाहुणा आला की पद्मिनीकडे बघून पहिला प्रश्न, ‘व्हिंटेज का?’ नाही हो. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज. तशी नोंदणी केली की नंबरप्लेटवर ‘व्हीए’ येतं, पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज भाजीला न्यायची असेल तर ही हौस करू नका.

दुसरी चूक सीसी बघून ताकद ठरवण्याची. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, तरी अश्वशक्ती चाळिसाच्या आसपास. वॅगनआरचं 998 सीसीचं इंजिन पासष्टच्या पुढे जातं. ओव्हरटेक करताना हा फरक विसरलात तर समोरून येणारा ट्रक आठवण करून देतो.

सगळ्यात जास्त गोंधळ स्टार्टरपाशी होतो. पद्मिनी थंड असताना चोक (इंजिनात जादा पेट्रोल जाऊ देणारी खिटी) ओढून अ‍ॅक्सिलरेटर एक-दोनदा दाबायचा. तीच गाडी गरम असताना तसं केलं की कार्बोरेटरमधून (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून) जादा पेट्रोल जातं, वास सुटतो आणि गाडी घेत नाही. अशा वेळी चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा (पंप मारू नका) आणि स्टार्टर फिरवा. नव्या गाडीत पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवूच नका. पेट्रोल किती सोडायचं ते तिचा संगणक बघतो. बॅटरी उतरली तर पद्मिनीला दोघांनी धक्का दिला तरी चालते. ऑटोमॅटिक किंवा एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी मात्र ढकलत बसू नका, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडणारी जंपर केबल लावा.

मे महिन्यात घाट चढताना पद्मिनी अचानक बंद पडते. नवशिके लगेच कार्बोरेटर खोलतात. बहुतेक वेळा दोष टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा असतो: तो इंजिनलाच चिकटलेला असल्यानं उष्णतेनं आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जात नाही. पंपावर ओलं फडकं टाका आणि पंधरा मिनिटं चहा प्या. नव्या गाडीचा पंप टाकीत असतो, तिथे फडक्याचा उपयोग शून्य.

ब्रेकची सवय तर जिवावर बेतू शकते. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एकदम दाबलात की चाकं अडकून गाडी घसरते, म्हणून सोडत-दाबत थांबवायचं. पाण्यातून गेल्यावर हलके ब्रेक मारून ड्रम वाळवायचे. एबीएस (चाकं अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा) असलेल्या गाडीत याच्या उलट: पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल पायाखाली थरथरतं, ते बिघाड नाही.

‘जुना पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित’ हे आमच्या काकांचं आवडतं वाक्य. 2009 साली अमेरिकेत 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची मालिबू मुद्दाम धडकवली. जुनीची केबिन चेपली, नवीची बरीचशी शाबूत राहिली. धक्का शोषून घेणारा पुढचा भाग आणि एअरबॅग पद्मिनीत नाहीत.

राहिलं पेट्रोल. ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फुगतात, मऊ पडतात. इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी पाइप तपासा.