मॉडेल इंजिनांच्या आवाजाची तुलना करताय? या चुका टाळा

एका इंजिनात लोकसाउंड ५, दुसऱ्यात सुनामी२, तिसऱ्यात झिमोचा डीकोडर, म्हणजे मॉडेलमध्ये बसवलेली, मोटर चालवणारी आणि आवाज काढणारी चिप. तिन्ही एकामागोमाग वाजवले आणि "हा भारी, तो फिका" असं ठरवून टाकलं. बहुतेक वेळा या निकालात डीकोडरचा वाटा थोडाच असतो. फरक पडतो तो स्पीकरचा, त्याच्या पेटीचा, आवाजाच्या पातळीचा आणि रुळांवरच्या मळाचा. कोकणात दमट, खारी हवा असल्यामुळे हा शेवटचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा.

आवाजाची पातळी सारखी न करणं

सर्वांत मोठी चूक हीच. दोन आवाजांत जो जरा मोठा असतो तो कानाला आपोआप "भरदार" वाटतो. "दोन्ही अर्ध्यावर ठेवलेत" असं म्हणून भागत नाही, कारण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. लोकसाउंडमध्ये एकूण आवाज सीव्ही ६३ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) असतो आणि तो १९२ पर्यंत जातो. सुनामी२ मध्ये सीव्ही १२८, कमाल २५५. झिमोमध्ये सीव्ही २६६, आणि तिथे ६४ हाच नेहमीचा आकडा. म्हणजे ६४ हा आकडा तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी सांगतो.

मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घ्या. फोन इंजिनापासून ३० सेंटीमीटरवर, एकाच जागी ठेवा. इंजिन उभं असताना नुसता घुमणारा आवाज मोजा आणि सगळे डीकोडर एका डेसिबलच्या आत आणा. ॲपमध्ये 'सी' वेटिंग असेल तर तेच निवडा. 'ए' वेटिंग खालचे सूर कमी मोजतं आणि डिझेलमध्ये ऐकायचं असतं ते नेमकं तिथेच. हॉर्न आणि ब्रेक यांचे आवाज या पायरीनंतर ऐका, कारण त्यांची पातळी वेगळी लावता येते.

कौलारू घरात पावसाच्या सरी चालू असताना ही चाचणी करू नका. कौलांवरच्या पावसात बारीक फरक बुडून जातात आणि ॲपसुद्धा पाऊसच मोजतं.

स्पीकर वेगळे, पेटी वेगळी, आणि दोष डीकोडरला

१६ सिलिंडरचं अल्को २५१ हे चार-स्ट्रोक डिझेल इंजिन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ४०० फेऱ्यांवर घुमताना सेकंदाला साधारण ५३ स्फोट होतात. १००० फेऱ्यांवर १३३. आता ११ बाय १५ मिलिमीटरचा शुगरक्यूब स्पीकर ५३ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे सूर, आणि मूळ घरघर कान स्वतःच भरून काढतो. त्यामुळे ज्या स्पीकरला खालचे सूर थोडे जास्त जमतात तो जिंकतो, डीकोडर कुठलाही असो.

पेटीचंही तेच. स्पीकरच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी उलट्या असतात. पेटीला फट राहिली की त्या एकमेकींना मारतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. स्पीकर वाजत असताना पेटीच्या कडेवरून बोट हलके दाबत फिरवा. एखाद्या ठिकाणी दाबल्यावर आवाज एकदम भरला, तर फट तिथेच आहे. ब्लू-टॅक किंवा सिलिकॉनने बुजवा. वायर बाहेर येते ते भोक सर्वांत जास्त वेळा विसरलं जातं.

तुलनेसाठी एकच स्पीकर, एकाच बंद पेटीत वापरा आणि दोन डीकोडरमध्ये दोन-पोल दोन-मार्गी स्विचने बदला. स्पीकरच्या दोन्ही वायरी स्विचमधून न्यायच्या. दोन डीकोडरची एक वायर सामायिक केलीत तर ॲम्प्लिफायर जळतो. स्विच फिरवण्याआधी दोन्हींचा आवाज बंद करा.

ओहमकडेही लक्ष हवं. जुना लोकसाउंड ३.५ हा १०० ओहमच्या स्पीकरसाठी आहे; त्याला ८ ओहमचा लावला तर डीकोडर जातो. सेकंडहँड डीकोडर घेताना हे आधी पाहा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, एकापुढे एक जोडले की १६. पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी ओहम कधीच नको.

डीसीवर चाचणी

साध्या डीसी कंट्रोलरवर डीकोडर जागा व्हायलाच काही व्होल्ट खातो, त्यामुळे आवाज उशिरा येतो आणि गाडी झटक्यात निघते. तुलना डीसीसीवर (रुळांत कायम वीज ठेवून डीकोडरला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत), तीही एकाच कंट्रोलरवर करा. लोकसाउंडमध्ये मोटर अडखळत असेल तर सीव्ही ५४ मध्ये ० लिहा आणि कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबा, म्हणजे डीकोडर मोटरशी स्वतःला जुळवून घेतो. इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने पळतं, म्हणून पुढे सरळ, मोकळा रूळ ठेवा. मोटर धक्के देत असेल तर आवाजाचे चढउतारही धक्के देतात, आणि दोष उगाच ध्वनिफितीवर येतो.

आवाज तुटतोय, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतोय

क्रॉसिंगवर गेलं की इंजिन पुन्हा "स्टार्ट" होतं, तेव्हा डीकोडर बिघडलेला नसतो. वीज तुटलेली असते. समुद्रकिनाऱ्याजवळच्या घरात रुळांवर आणि चाकांवर काळसर थर लवकर चढतो, पावसाळ्यात तर जास्तच. इंजिन त्याच जागी उभं करून वरून हलका दाब द्या. आवाज स्थिर झाला तर चाकं किंवा रूळ मळले आहेत.

कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसा. चाकांसाठी ओलं कापड रुळांवर आडवं टाका, एका बोगीची चाकं त्यावर आणि दुसऱ्या बोगीची उघड्या रुळावर ठेवून इंजिन चालवा, मग उलट करा. सँडपेपर वापरू नका; त्याच्या चऱ्यांमध्ये मळ आणखी पक्का बसतो. पावसाळ्यात इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कीप-अलाइव्ह कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी डीकोडर चालू ठेवणारा साठा, हा त्यानंतरचा उपाय. तो रुळांवरून वीज आणणाऱ्या लाल-काळ्या वायरींवर लावायचा नसतो. धन टोक डीकोडरच्या निळ्या (सामायिक धन) वायरला, ऋण टोक डीकोडरच्या ग्राउंडला, व्होल्टेज २५ चं. १०० ओहमचा रोधक आणि त्याला समांतर डायोड हवा, नाहीतर भरताना होणाऱ्या झटक्याने कंट्रोलर शॉर्ट समजतो. डायोडची पट्टी, म्हणजे कॅथोड, निळ्या वायरच्या बाजूला. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचताना मात्र तो सोडवून ठेवा.

करकर

मास्टर आवाज पाव भागाने कमी करा. करकर गेली तर ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर जास्त ताणला जात होता. राहिली तर बॉडी काढून ऐका. बॉडीशिवाय स्वच्छ वाजतंय म्हणजे बॉडीच थरथरतेय. तरीही करकर असेल तर स्पीकरवर लोखंडाचा बारीक कीस अडकला असण्याची शक्यता मोठी, कारण चेसिस घासल्यावर चुंबक तो ओढून घेतो. टोकाला चिकटटेप गुंडाळलेल्या काडीने तो टिपून घ्या.

चुकीचं इंजिन, चुकीचा आवाज

तुलना करताना एकाच इंजिनाच्या ध्वनिफिती घ्याव्यात. भारतीय रेल्वेची डिझेल गाडी डब्ल्यूडीएम-३डी अल्को घराण्यातली, चार-स्ट्रोक. दुसरी डिझेल गाडी डब्ल्यूडीपी-४डी ईएमडी ७१० इंजिनाची, दोन-स्ट्रोक. दोन-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो, त्यामुळे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर १६ सिलिंडर सेकंदाला २४० स्फोट करतात. हा सलग गुंजारव आणि अल्कोची धापा टाकणारी लय यांची तुलना म्हणजे डीकोडरची तुलना नव्हे.

कोकण रेल्वेचा लेआउट असेल तर काळही जुळवा. रोह्यापासून ठोकूरपर्यंतच्या मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतरच्या रत्नागिरी स्थानकात विजेवर चालणारी डब्ल्यूएपी-७ उभी दाखवायची तर तिथे ब्लोअरचा घोंघाट आणि निघतानाचा चढता सूर हवा, डिझेलचे नॉच (वेग वाढवायच्या टप्प्यांचे आवाज) हवेतच कशाला. डिझेलची ध्वनिफीत फक्त हॉर्न बदलून त्यात घातली, तर डीकोडर कितीही महागाचा असो, गाडी सुटताना ते लगेच कळतं.